दीपगृहाची आठ पानं

आयडा पिलनिकला उभ्या आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं, की बाई, हे चित्र तुम्ही काढलं का. एकसष्टाव्या वर्षी विचारलं, आणि तिला उत्तर येईना.

विचारणारा होता वॉरन क्रुगर. न्यू जर्सीतल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. चाळिशीचा, टक्कल पडत आलेला, लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडलेला. चाळीस सालच्या आसपासच्या कॉमिक्सवर चित्रकाराचं खरं नाव क्वचितच असायचं. तर कुठली कथा कुणी काढली ते शोधून कार्डांवर लिहून ठेवायचं, हा या मास्तराचा नाद. पोरांनी ज्या कथा दहा मिनिटांत वाचून रद्दीत टाकल्या, त्यांच्यासाठी हा माणूस भिंग घेऊन नदी ओलांडून न्यू यॉर्कच्या ब्राँक्सपर्यंत आला होता. आयडाने त्याला कॉफी दिली, शेवयांचं गोड कुगल वाढलं, आणि याला घरी विचारणारं कुणी नाही वाटतं, असं मनात म्हणून आणखी एक तुकडा वाढला.

वॉरनने हात पुसले, पिशवीतून एक पिवळा पडलेला अंक काढला आणि मऊ फडक्यावर ठेवला.

"कॅप्टन हॅलयार्ड, अंक एकतीस, सन चव्वेचाळीस. यातली दीपगृहाची कथा. आठ पानं आहेत. आठवते?"

आयडाने चष्मा लावला. दीपगृहाचा रखवालदार मेलेला असतो. हे घर आपल्या हातून जाईल म्हणून त्याची बायको कुणाला सांगत नाही, आणि रोज स्वतःच दिवा लावते. कॅप्टन हॅलयार्ड, निशाणाच्या कापडाचा झगा घालून उडणारा तो दांडगट, येतो थेट सहाव्या पानावर, आणि आल्यावरही कुणाला ठोसा मारत नाही. चौथ्या पानावर ती बाई एकटी बसून बटाटे सोलते. बाकी काही घडत नाही. आयडा त्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिली.

"त्या दहा वर्षांत यापेक्षा चांगलं कुणी काही काढलं नाही," वॉरन म्हणाला. "ही आठ पानं लू गारवांतीची आहेत याची मला खात्री आहे. तरी नियम म्हणून तुम्हाला विचारतो, कारण त्या सालात त्याच्या खुर्चीवर तुम्ही होतात."

"खात्री कशावरून?"

"रेघांवरून, मिसेस पिलनिक!" त्याने भिंग पुढे केलं. "ही छाया बघा. वरून उजवीकडून खाली डावीकडे. उजव्या हाताचा माणूस. तुम्ही डावखुऱ्या, तुमच्या रेघा उलट्या पडल्या असत्या. दुधासारखं स्वच्छ आहे."

आयडाला ते मुळीच स्वच्छ वाटलं नाही. ती गोंधळली, आणि गोंधळली की ती भांडी आवरायला घ्यायची, तशी तिने त्याच्या पुढ्यातली अर्धी भरलेली बशी उचलली.

तिचा गोंधळ समजायचा तर संपादक सॉल ब्रेनरच्या दुकानात, म्हणजे कॅप्टन हॅलयार्ड जिथे निघायचा तिथे, जायला हवं. मॅनहॅटनमध्ये एका टोप्यांच्या कारखान्याच्या डोक्यावर चौथ्या मजल्यावर त्याची खोली होती. सगळे तिला दुकानच म्हणायचे, आणि होतंही दुकानच. नऊ टेबलं, एकमेकांना खेटून. पान या टेबलावरून त्या टेबलावर जायचं: कुणी माणसं काढायचा, कुणी मागच्या इमारती, कुणी शाई भरायचा. एकटा लू गारवांती आपलं पान पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत स्वतः करायचा, कारण त्याचा झपाटा दुसऱ्या कुणाला झेपायचा नाही. नाव मात्र त्याचंही छापायचे नाहीत. छापायचे 'ब्रँट कॉलवेल'. असा माणूस या भूतलावर कधी नव्हता, पण त्याला पोरांची पत्रं पोत्याने यायची.

आयडा बेचाळीस साली तिथे लागली ती पेन्सिलीच्या रेघा खोडायला. शाई वाळली की खालची पेन्सिल खोडरबराने पुसायची, चूक दिसली तर पांढरा रंग लावायचा. घरी आईला तिने सांगितलं होतं, की मी फॅशनच्या मासिकात आहे. कॉमिक्समध्ये आहे म्हणून सांगण्यापेक्षा तुरुंगात आहे म्हणून सांगणं बरं, असे ते दिवस होते.

त्रेचाळीसच्या एप्रिलात लूला सैन्याचं बोलावणं आलं. जाण्याआधी त्याने आर्थर अव्हेन्यूवरच्या आपल्या आईच्या स्वयंपाकघरात बसून कॅप्टनच्या सहा कथा आगाऊ काढून दिल्या, मान मोडेपर्यंत. ब्रेनरने त्या खणात ठेवून कुलूप घातलं आणि आयडाला लूच्या खुर्चीवर बसवलं.

"लूसारखं काढायचं," विझलेली सिगार चावत तो म्हणाला. "वाचकाला कळता कामा नये. वाचकाला कशाला, मलाही कळता कामा नये."

ते शेवटचं त्याने गमतीत म्हटलं होतं. झालं नेमकं तसंच.

लूने जाताना कॅप्टनची बारा तोंडं एका कागदावर काढून दिली होती: रागावलेला कॅप्टन, हसणारा कॅप्टन, मार खाल्लेला कॅप्टन. ती आयडाने समोर टाचली आणि घोटली. पण छाया भरायला घेतली की रेघा उलट्या कलायच्या. ब्रेनर किंचाळायचा, "अगं, अर्धं पान इकडे झुकतंय आणि अर्धं तिकडे! पोरांना बोट लागेल!" शेवटी आयडाने एक युक्ती काढली. छाया भरताना कागद आडवा फिरवायचा, आपल्या सवयीची रेघ ओढायची, आणि मग कागद सरळ करायचा. रेघ लूच्या बाजूला कललेली. तीन महिन्यांत ती इतकी सरावली की कागद कधी फिरवला हे तिचं तिलाही कळायचं नाही.

आणि ब्रेनर खणातल्या लूच्या कथा अधूनमधून तिच्या कथांत सोडत राहिला, दुधात पाणी घालावं तशा. कुठली दूध आणि कुठली पाणी, याची नोंद त्याने ठेवली नाही. छापून आलेला अंक कुणी उघडूनही बघत नसे, कारण पुढची पानं डोक्यावर असायची. तीन वर्षांत लाटलेली प्रत्येक पोळी कुणाला आठवते? सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत लू न्यू गिनीहून परतला, वाळून काडी झालेला, मलेरियाच्या गोळ्यांनी पिवळा पडलेला. ब्रेनरने आयडाला चॉकलेटचा एक डबा दिला, तुझे उपकार विसरणार नाही म्हणाला, आणि दुपारपर्यंत विसरला. खुर्च्या पुरुषांच्या होत्या, पुरुष परत आले, एवढाच हिशोब.

त्यानंतर एकतीस वर्षं आयडाने बूट काढले. एका मोठ्या दुकानाच्या जाहिरातींसाठी. बायकांचे बूट, पोरांचे बूट, बर्फातले बूट. तिचा नवरा हर्शल भला माणूस होता, तो म्हणायचा, "आयडा, तुझा बूट बघितला की पाय घालावासा वाटतो." याहून मोठी तारीफ तिने ऐकली नव्हती. लूने वर्षभरातच दुकानाला रामराम ठोकून मेहुण्याच्या फरशीच्या धंद्यात उडी घेतली, असं तिच्या कानावर आलं होतं. का, ते तिला कळलं नव्हतं.

वॉरन गेला, पण जाताना तिच्या डोक्यात किडा सोडून गेला. त्याची यादी सोमवारी छापायला जायची होती. तोवर काही कळवलं नाही तर दीपगृहासमोर 'गारवांती' छापलं जाणार. छापू दे की, आयडाने स्वतःला दटावलं. पण तिचा जीव काही ठिकाणावर येईना. ती आठ पानं आपली असतील, तर आपण एकदा तरी, चुकून का होईना, काहीतरी चांगलं केलं. नसतील, तर आधी दुसऱ्याची नक्कल आणि मग बूट. मधे काही नाही.

तिने आठवायचा प्रयत्न केला. तो गोल जिना आठवला, मग वाटलं, परवा बघितला म्हणून आठवतोय. बाईचा चेहरा आपल्या मावशीवरून काढला होता असं वाटलं, आणि मग आठवलं, की आपल्याला मावशीच नव्हती, ती शेजारीण होती, आणि ती तर गोल चेहऱ्याची. शेवटी तिने कागद घेतला आणि न बघता ती बाई काढली. हुबेहूब आली. मग तिने लूच्या बारा तोंडांतलं पाचवं तोंड काढलं, तेही हुबेहूब आलं. म्हणजे काय सिद्ध झालं? काहीही नाही. मांजराचा आवाज काढता येतो म्हणून माणूस मांजर ठरत नाही.

शनिवारी तिने टेलिफोन डिरेक्टरीतून गारवांती शोधून काढले. सहा होते. चौथा लू निघाला.

रविवारी दुपारी ती बसने यॉन्कर्सला गेली. लूच्या मुलीने, रोझमेरीने, दार उघडलं. आत शिरताच बोळात एक मोठी तसबीर होती. अंकातलं पान मोठं करून, काचेत बसवून, खाली पितळी पट्टी ठोकलेली: 'लुईजी गारवांती, १९४४'. चौथं पान. बटाटे सोलणारी बाई.

"डॅडींच्या साठाव्या वाढदिवसाला आम्ही भावंडांनी दिलं," रोझमेरी म्हणाली. "तुम्ही पण तिथेच होतात ना कामाला? मग तुम्हाला माहीतच असेल ते किती ग्रेट होते."

आयडा मान हलवून पुढे गेली.

लू खिडकीपाशी बसला होता, गुडघ्यांवर घोंगडी. तीस वर्षं फरशीवर रांगून गुडघे कामातून गेलेले. हात मात्र अजून फावड्यासारखे.

"ये गं डावखुरे! केवढी म्हातारी झालीस!"

"तुझ्या घरात आरसा नाही वाटतं?"

"आहे, पण त्यात माझा बाप दिसतो." त्याने बडीशेपेच्या बिस्किटांची थाळी तिच्याकडे ढकलली. "खा. दात आहेत ना? चाळीस वर्षांनी फोन करतेस, म्हणजे एकतर कुणीतरी मेलं किंवा तुला फरशी बसवायची आहे."

"तो मास्तर आला होता माझ्याकडे. भिंगवाला."

"माझ्याकडे महिन्यापूर्वी आला होता. मला उस्ताद म्हणाला. मी म्हटलं, बाळा, मोरीच्या फरशीतला उस्ताद आहे मी."

"दीपगृहाच्या कथेचं विचारत होता." आयडाने बिस्कीट उचललं आणि पुन्हा ठेवलं. "लू, ती कथा... तुला ती काढलेली आठवते?"

लूचं हसू मावळलं. त्याने बोळाकडे बघितलं, रोझमेरी स्वयंपाकघरात गेलीय याची खात्री केली.

"ते पान माझं वैरी आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पोरांना माझ्या पेटीत तो अंक सापडला, हौसेने भिंतीला लावलं, काय बोलणार? रोज मोरीला जाताना त्याच्यासमोरून जावं लागतं. तुला सांगतो आयडा, कुणाला सांगितलं नाही कधी. मी सेहेचाळीसला परत आलो ना, तेव्हा ब्रेनरने हीच आठ पानं माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, लू, तू जाण्याआधी असं काढायचास, आता पुन्हा असंच काढ. मी बघतच राहिलो. ते हात बघ, ती बाई बसलीय ती कशी बसलीय बघ. मी बसलो काढायला. जमेना. तीन आठवडे बसलो, सहा महिने बसलो. ब्रेनर रोज म्हणायचा, तुझा हात गेला रे, कुठे घालवलास? मी म्हटलं, न्यू गिनीत. ताप चढायचा तेव्हा मला माझं नावसुद्धा आठवायचं नाही, तिथे हात कुठे राहणार? मग मेहुणा म्हणाला, फरशीला ये. गेलो."

"पण काढलेली आठवते का तुला?"

"तेच तर! आईच्या टेबलावर त्या सहा कथा काढल्या, त्या मला चौकट न् चौकट आठवतात. एकात पाणबुडी, एकात वेडा डॉक्टर. दीपगृह नाही आठवत. पण संपादक म्हणतो तुझं, मास्तर म्हणतो तुझं, पट्टीवर माझं नाव. मग मी म्हटलं, तापाने तेवढं खाल्लं असणार." त्याने नाक ओढलं. "आणि एक गोष्ट मला कधी कळली नाही. ती बाई डाव्या हाताने बटाटे सोलते. माझी आई उजव्या हाताने सोलायची, माझी बायको उजव्या हाताने, ही रोझमेरी उजव्या हाताने. मग मी सुरी डाव्या हातात का दिली असेल? जाता-येता हाच विचार. का दिली?"

आयडा उठली आणि बोळात गेली. तसबिरीसमोर उभी राहिली. सुरी डाव्या हातात होती. वॉरनच्या अंकात याच चौकटीकडे ती बराच वेळ बघत बसली होती, आणि तिला त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं. दिसणार कसं? सुरी आणखी कुठल्या हातात असते? रेघा फिरवायला तिला ब्रेनरने लावलं. सुरी फिरवायला कुणी सांगितलंच नाही.

हे कळल्यावर तिला फार आनंद व्हायला हवा होता. झालाही, अगदी लख्ख. पण काचेत दिसणाऱ्या तिच्या तोंडाखाली नेमकी ती पितळी पट्टी चमकत होती, आणि तिला कळेना की आता करायचं काय. मूग गिळून बसावं, बिस्किटं खावीत, बस पकडावी? आणि सोमवारी त्याचं नाव छापू द्यावं? या म्हाताऱ्याकडे जपायला काय आहे? एकदा आपण असं काढलं होतं, एवढंच. तेही हिसकावून घ्यायचं? पण तो जे जन्मभर उराशी घेऊन बसला, ते मुळात घडलंच नव्हतं. त्याचा हात कुठे गेला नव्हता. हे त्याला सांगायचं नाही, याला दया म्हणायचं की काय म्हणायचं?

ती परत आली आणि खुर्चीत बसली.

"लू, ती बाई मी काढलीय."

"काय?"

"आठही पानं. मलाही आठवत नव्हतं रे. सुरी मी डाव्या हातात दिली, कारण माझ्या डाव्या हातात असते. ब्रेनरचा घोळ झाला. तुझी समजून त्याने माझी पानं तुझ्यासमोर ठेवली."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की काय म्हणून आयडा घाबरली, पण तो हसत होता. निदान सुरुवातीला तरी हसत होता.

"छत्तीस वर्षं मी स्वतःवर जळत बसलो," तो डोळे पुसत म्हणाला, "आणि ती तू होतीस? अगं ए बये! आधी सांगायचंस ना!"

"मला कुठे माहीत होतं?"

"त्या मास्तराला सांग, भिंग बदल म्हणावं." मग तो एकदम ताठ बसला. "थांब. म्हणजे माझा हात गेला नव्हता."

"नव्हता."

"न्यू गिनीत काही राहिलं नव्हतं."

"काही नाही, लू."

"रोझमेरी!" तो ओरडला. "पेन्सिल आण! कागद आण!"

रोझमेरी विजेच्या बिलाचं पाकीट आणि पेन्सिल घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. सत्तेचाळीस सालानंतर बापाने चित्र काढलेलं तिने पाहिलं नव्हतं, कारण काढलंच नव्हतं. लूने पाकीट उलटं केलं, जीभ ओठांत धरली आणि काढायला लागला. झपाटा तोच. दोन मिनिटांत कॅप्टन हॅलयार्ड उभा राहिला: विटेसारखा जबडा, फुगलेली छाती, झग्याचा एकच मोठा फलकारा. दोन्ही हात खिशात. लू पहिल्यापासून हात खिशात घालायचा, नाहीतर मुठी वळायचा. उडणाऱ्या माणसाच्या विजारीला खिसे कशाला, हा प्रश्न दुकानात कुणी विचारला नव्हता.

आयडाने पाकीट हातात घेतलं. बारा तोंडांतलं पहिलं तोंड. रेघ न् रेघ ओळखीची.

"हाच," ती म्हणाली. "हाच तुझा हात. जसाच्या तसा आहे. काही कमी झालेलं नाही."

लूने पाकीट तिच्याकडून घेतलं आणि लांब धरून बघितलं. मग बोळातल्या तसबिरीकडे बघितलं. पुन्हा पाकिटाकडे. हसू हळूहळू कमी होत गेलं.

"इतकाच होता?" त्याने विचारलं.

खोटं बोलावं तर समोर कागद होता, आणि लूला कागद वाचता येत होता. तिला त्या माणसाची फार माया आली.

"याच्यावरूनच मी शिकले, लू," ती म्हणाली. "भिंतीला टाचून. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं."

लूने पाकीट टेबलावर ठेवलं, तळव्याने सपाट केलं, आणि पेन्सिल उचलून तिच्यासमोर धरली.

"याचे हात मला कधीच जमले नाहीत," तो म्हणाला. "तू काढ."